मीरा रोड, घोडबंदर, मोरवा : माझ्या बोन्सायना घरं शोधताना

ह्यांचा मस्कतहून फोन आला. कंपनी आता बायकोला आणायची परवानगी देणार आहे, फेब्रुवारीपर्यंत आवराआवर करून ठेव, म्हणाले. फोन शेजारच्या शहाभाभींकडे यायचा, त्यामुळे त्यांच्या अख्ख्या घरासमोर उभी राहून मी नुसतं ‘हो, हो’ करत राहिले. घरी आले, कडी लावली, आणि पहिला विचार मनात आला तो झाडांचा.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. घोडबंदरच्या किल्ल्यावर कसं जायचं, असं ब्लॉगवर काहीजणांनी विचारलंय, म्हणून ती आठवली. किल्ला बघायला म्हणून मी तिथे कधी गेलेच नव्हते. पहिल्यांदा गेले ती एक पिंपळ सोडायला.

दादरच्या दीड खोलीतून आम्ही मीरा रोडच्या शांती नगरमध्ये आलो ते ह्यांच्या आखाती पगारावर. ब्लॉक घेतला, पंखे बसवले आणि हे परत गेले. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचे. मूलबाळ नव्हतं. वेळ जावा म्हणून बोरिवलीला एका बाईंकडे बोन्सायचा वर्ग लावला. बाईंनी दिलेली परदेशी झाडं आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात एका मोसमात करपून गेली. मग मी इथे आपसूक उगवणारी झाडं धरली. पिंपळ आमच्याच बिल्डिंगच्या पाइपाला फुटला होता, तो सोडवून आणला. बकूळ बीपासून वाढवली. चिंच मोरव्याच्या मिठागराच्या बांधावरची. शेळ्यांनी खाऊन खाऊन ती गुडघ्याएवढीच राहिली होती, पण खोड म्हाताऱ्या झाडासारखं. जळलेल्या पंख्याच्या मोटरची तांब्याची तार फांद्यांना गुंडाळायची, वर्षाआड मुळं छाटायची, उथळ तसराळ्यात परत बसवायचं. पाणी टँकरचं, तेही दिवसाआड. तांदूळ धुतलेलं पाणी मी झाडांसाठी साठवून ठेवत असे. संध्याकाळी चिंचेची पानं मिटली की आपणही आता दिवा लावावा, असं ठरून गेलं होतं. बोलायला घरात कुणी नव्हतं, त्यामुळे मी तिच्याशी बोलायचेही. हे आज लिहायला काही वाटत नाही.

लहान कुंड्या सोसायटीच्या वॉचमनने गेटपाशी ठेवून घेतल्या. ही तीन मोठी झाडं राहिली. डिसेंबरातल्या एका रविवारी नेहमीचा रिक्षावाला पांडेजी अर्ध्या दिवसासाठी ठरवला. झाडं सफरचंदाच्या खोक्यांत घातली, मध्ये जुन्या साड्या कोंबल्या आणि निघाले.

पहिला मुक्काम घोडबंदर. काशीमिऱ्याला हायवे लागतो, तिथून ठाण्याच्या अंगाला वळायचं. रस्ता तेव्हा अरुंद होता, ट्रक अंगावर आल्यासारखे यायचे. जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि पाणी बरोबर घ्या. मी गेले तेव्हा वर टपरीसुद्धा नव्हती, आम्ही वडापाव नाक्यावरच बांधून घेतला होता. गावातून थोडं चढलं की किल्ल्याची भिंत दिसते. वर कुणीच नव्हतं. खाली खाडी, पलीकडे वसईची बाजू, आणि पाण्यावर एक होडी, तीही हलत नव्हती.

पिंपळासाठी जागा शोधत भिंतीच्या कडेने चालले, तर दर चार पावलांवर दगडातून पिंपळ फुटलेले. काही हातभर, काही छपराएवढे. पांडेजी हसून म्हणाले की हा इथे लावायची गरजच काय, इथे तर तो न लावता येतो. त्यांना तसं काही म्हणायचं नव्हतं. मला मात्र खोकं हातात घेऊन उभं राहायची लाज वाटली. एवढी वर्षं मी ज्याला थेंबथेंब पाणी घातलं, त्याला माझी काही गरज नव्हती.

तरी भिंतीच्या पायथ्याशी मातीचा कोपरा बघून खड्डा केला. पिंपळाच्या फांद्यांवरची तार पकडीने तोडून काढली. सालीत तारेचे वळ उठले होते. तसराळं रिकामं करून मी बाटलीतलं सगळं पाणी मुळाशी ओतलं आणि मागे न बघता उतरले.

दुसरा मुक्काम भाईंदर पश्चिम. स्टेशनच्या त्या बाजूला नीला राहायची, माझी बोन्सायच्या वर्गातली मैत्रीण. बकूळ तिला द्यायची असं फोनवर ठरलं होतं. तिच्या सासूबाईंनी पोहे केले होते, वर ओलं खोबरं, आग्रहही केला. मस्कतला उकडतं का, तिकडे आपली भाजी मिळते का, सगळं विचारून झालं. बकूळ मात्र दाराबाहेरच होती, आणि तिला आत घे असं कुणी म्हणेना.

निघताना नीला जिन्यापर्यंत आली. आवाज खाली आणून म्हणाली, “रागावू नकोस गं. सासूबाईंना नको वाटतं. वाढ थांबवलेलं झाड घरात असलं की घरात...” तिला तेव्हा पाचवा महिना होता. माझ्याकडे बघून तिला आपण काय बोलून गेलो ते कळलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. मी म्हटलं, काही नाही गं, तू पोहे छान खाऊ घातलेस. पोहे सासूबाईंनी केले होते. बकूळ परत रिक्षात ठेवली. पांडेजींनी न सांगता तिच्याभोवती साडी नीट कोंबली. त्यांनी ऐकलं असावं.

मोरव्याला जाणारा रस्ता मिठागरांच्या कडेने होता. दोन्हीकडे पांढरे ढीग, त्यावर ऊन, डोळे उघडवत नव्हते. हा भाग बघायचा असेल तर दुपार टाळा. गावातली घरं मात्र गार, अंगण सारवलेलं, दारात जाळं नाहीतर भाताचं पोतं. हिराबाय अंगणात सुकट निवडत बसली होती. चिंच तिच्याच बांधावरची. जमीन विकून तिचे मुलगे भाईंदरला ब्लॉकमध्ये राहायला गेले होते. ही गेली नाही. चार शेळ्या आणि ती.

मी सगळं सांगितलं आणि विचारलं, चिंच सांभाळशील का? रोज पाणी, पावसाळ्यात छाटणी, मी दाखवते कसं करायचं ते. तिने तसराळं दोन्ही हातांनी उचलून बघितलं, खोडावरून अंगठा फिरवला.

“मना कुंडी न्हाय जमणार, बाय,” ती म्हणाली. “मी जमिनीत लावीन. मंग तिचं ती बघंल.”

जमिनीत लावली की ती वाढणार. मी ठरवलेली एकेक फांदी दोन पावसांत हरवून जाणार. हे मी तिला समजावून सांगू लागले आणि मध्येच थांबले, कारण वाढेल ही तक्रार सांगायची कशी, ते मला कळेना. हिराबाय मात्र भलतंच विचारून बसली.

“तुला जायचा हाय का तिकडं?”

ह्यांनी विचारलं नव्हतं. शहाभाभींनी, नीलाने, माझ्या भावाने, कुणीच नाही. सगळ्यांनी तारीख विचारली होती. मी म्हटलं, “माहीत नाही.” तिने मान हलवली, उठली आणि कुदळ आणली.

विहिरीच्या बाजूला आम्ही दोघींनी चिंच लावली. शेळ्या खातील म्हणून तिने भोवती काटे रचले. मग तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं, पांडेजी शाकाहारी, त्यांना कांदा आणि लोणचं. आजवर कुठल्याही प्रवासात मी त्याहून चवीचं जेवले नाही. तिथे जेवण विकत मिळत नाही, ते माणसाच्या ओळखीने मिळतं, एवढंच सांगते.

परत येताना पांडेजींनी काशीमिऱ्याच्या आपल्या खोलीचा विषय काढला. “मॅडम, ये वाला मैं ले जाऊं? रूम के बाहर जगह है. बीवी को फूल अच्छे लगते हैं.” बकुळीला फुलं यायला अजून वर्षं लागतील, असं मी सांगितलं. ते म्हणाले, चालेल. अशी तिसऱ्या झाडाची सोय झाली.

घरी आले तर शहाभाभी दारातच. ह्यांचा परत फोन येणार होता. आला. कंपनीचं काहीतरी बदललं होतं, परवानगी लांबली होती, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. आवाज खरंच पडलेला होता, त्यांनाही वाईट वाटलं होतं. मी म्हटलं, मी झाडं देऊन टाकली.

“बरं झालं,” हे म्हणाले. “पाण्याची कटकट तरी गेली.”

भाभींच्या घरातले सगळे टीव्हीकडे बघत होते, आपण काही ऐकत नाही असं दाखवत. मी फोन हळूच ठेवला.

पुढच्या रविवारी बस धरून एकटीच मोरव्याला गेले. चिंचेची सगळी पानं गळून गेली होती. ती गेली, असंच मला वाटलं. हिराबायने नखाने साल जराशी खरवडून दाखवली, खाली हिरवं होतं. थांब म्हणाली. मी तिला सांगितलं की माझं जाणं लांबलं, आणि पुढच्या वर्षी बोलावलं तरी मी जाणार नाही. हे मी स्वतःशीही तोवर बोलले नव्हते. तिने का म्हणून विचारलं नाही. जेवून जा, म्हणाली.

पुढच्या वर्षी ह्यांनी खरंच बोलावलं आणि मी खरंच गेले नाही. आमच्यात त्यावरून भांडण असं झालं नाही. फोन कमी होत गेले. हे कायमचे परत आले तोवर आम्हाला एकमेकांच्या सवयी नव्याने विचाराव्या लागल्या, आणि काही विचारायच्या राहूनच गेल्या. मस्कतला गेले असते तर वेगळं झालं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

त्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मात्र मोरव्याहून परतल्यावर मी गॅलरीत गेले. इतकी वर्षं तिथे कुंड्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. फरशीवर गोल डाग राहिले होते, ते पुसले. मग स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आणली. दुसरी आणायला गेले, तर मावेना. एकच ठेवली, तिच्यावर बसले आणि अंधार पडेपर्यंत लांब दिसणाऱ्या मिठागरांकडे बघत राहिले.