कर्वेनगर ते मांजरी, पिशवीत एक हाड (बहुतेक)

आमच्या ह्यांनी अट घातली आणि त्याच दिवशी हा प्रवास ठरला. गॅलरीत मी जमवलेले दगड असतात. मी त्यांना जीवाश्म म्हणते, हे राडारोडा म्हणतात. ह्यांना तिथे वॉशिंग मशीन ठेवायचं आहे. "आजवर तुझा एकही दगड खरा निघालेला नाही. हा निघाला तर गॅलरी तुझी, नाहीतर मशीनची. कबूल?" मी तोऱ्यात कबूल म्हणाले.

'हा' म्हणजे पैठणकडे मावसभावाच्या शेताजवळच्या घळीत सापडलेला, करंगळीएवढा तपकिरी तुकडा. एखाद्या पुराणकाळच्या गव्याचं हाड असावं, असं मला मनापासून वाटत होतं.

आमचं जीवाश्मप्रेमी मंडळ तीन माणसांचं. धायरीचे लेलेकाका बँकेतून निवृत्त झालेले, मांजरीचे रशीदभाई शाळेतून, आणि मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. वर्षातून एकदा जमायचं, प्रत्येकाने आपला सर्वांत चांगला नग आणायचा. हाडाची परीक्षा जिभेने. जुन्या हाडात बारीक छिद्रं असतात, त्यामुळे ते ओल्या जिभेला चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. (वाळलेली मातीही चिकटते, म्हणून तुकडा आधी ब्रशने घासून धुवा.) नियम एकच, मालकाने आपल्या नगाला जीभ लावायची नाही. आपला तो बाब्या, हे आम्हीही जाणून आहोत.

जाणाऱ्यांसाठी सूचना: बसचा दिवसाचा पास काढा, आणि दगड पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवू नका. गर्दीत धक्का लागला की लोक फार बोलतात.

आधी उलट्या दिशेला, धायरीला गेले. काकांचा यंदाचा नग तिथून हलणारा नव्हता. तो त्यांच्या शेजारच्या इमारतीच्या जिन्यात होता. जैसलमेरच्या पिवळ्या फरशीत, चौथ्या पायरीवर, एक अख्खा शिंपला. आम्ही दोघं भिंग घेऊन पायरीवर ओणवे झालो.

"काय हरवलंय?" वॉचमनने विचारलं.

"समुद्र," काका म्हणाले.

"हितं नाय. पान्याचा टँकर मागच्या बाजूला हाय."

शिंपला सुरेख होता, मला हेवा वाटला. पण काकांनी तो फक्त बघितला होता, शोधला होता बिल्डरने. तसं मी बोलूनही दाखवलं. स्वारगेटच्या बसमध्ये काका मुद्दाम दोन सीट पुढे जाऊन बसले.

हडपसरच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली. मी सहज म्हटलं, "काका, रशीदभाईंचा रोजा आहे, तेव्हा आज जीभ तुम्हीच लावायची."

"आज संकष्टी आहे."

"बरं मग?"

"उपासाला हाड चालत नाही."

"अहो, लाखभर वर्षांत दगड झालाय त्याचा!"

"दगड झालाय ना? मग चाटायचं कशाला?"

पुढच्या सीटवरचा मुलगा हेडफोन काढून ऐकायला लागला. काकांनी त्यालाच समजावलं, "हाड निघालं तर माझा उपास मोडला. दगड निघाला तर ह्या बाईंची गॅलरी गेली. मी कशाला मध्ये पडू?" मुलगा म्हणाला, "लॉजिक सॉलिड आहे, काका." दोघांचाही मला संताप आला. संकष्टी आणि रोजा, दोन्ही कॅलेंडरात छापलेलं असतं. तरी आम्ही तिघांनी मिळून हाच दिवस काढला.

हडपसरहून मांजरीला रिक्षा केली. उसाचं एक शेत, मग बारा मजल्यांची इमारत, मग पुन्हा ऊस. रशीदभाईंचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. त्यांचा नग होता हरभऱ्याएवढी दगडी गोगलगाय. भिंगातून तिचे वेढे दिसतात. पण माझं लक्ष कुठलं लागायला? मी सारखी खिडकीतून सूर्याकडे बघत होते. रोजा माझा असल्यासारखी.

"ताई, रोजा सुटू द्या," रशीदभाई म्हणाले. "मग मी निवांत चाटतो."

"पहिला घास खजुराचा आणि दुसरा दगडाचा?" भाभी आतून म्हणाल्या. काकांसाठी त्यांनी केळी आणि खजुराची ताटली वेगळी काढली होती. मला भजी मिळाली. इतकी कुरकुरीत, की कृती तिथेच लिहून घेतली.

अजान झाली. रशीदभाईंनी खजूर खाल्ला, पाणी प्यायले, नमाज पढून आले. मग तुकडा पुसून जिभेच्या टोकाला लावला आणि हात काढून घेतला.

तुकडा लोंबकळत राहिला.

मला रडू आलं. खरंच आलं, लपवण्यात काय अर्थ? इतकी वर्षं घरीदारी हसं करून घेतलं होतं. भाभींनी पदर पुढे केला. काका उठून अगदी जवळ आले आणि म्हणाले, "चिकटलंय. माझं अधिकृत मत चंद्रोदयानंतर." ते धायरीला पोचल्यावर त्यांचा मेसेज आला: 'हाड. मान्य.'

घरी हे वाटच बघत होते. मी सगळं सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंच तुमच्याच मंडळातले. मी का मानावं?" असं म्हणून माझ्या पिशवीतली तुकड्याची डबी उघडली आणि तुकडा स्वतःच जिभेला लावला.

मग बराच वेळ बोललेच नाहीत. बोलता येत नव्हतं.

या प्रवासातून हाती काय लागलं, तर पाठदुखी, भजीची कृती आणि गॅलरी. मशीन आता पॅसेजमध्ये आहे. बाथरूमला जाताना हे पोट आत घेऊन तिरके होतात, पण कुरकुर नाही. काल शेजारचे जोशी चहाला आले होते. हे त्यांना दंडाला धरून गॅलरीत घेऊन गेले आणि म्हणाले, "जीभ बाहेर काढा."