फुकटची आमराई

तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या संरक्षण कारखान्यात नोकरीला असलेल्या अमोघला डिस्क गोल्फचं खूळ लागलं होतं. म्हणजे काय, तर प्लास्टिकची चकती लांबून भिरकवायची आणि साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची. तिशीला आलेला घोडा, पण रविवार उजाडला की क्वार्टर्समागच्या मैदानात ह्याचं सुरू! टोपल्याही ह्यानेच सायकलच्या जुन्या चेन लावून केलेल्या.

दोन हजार आठच्या पोंगलला तिघा मित्रांनी ठरवलं, की सुमो घेऊन येलागिरी-येरकाडच्या डोंगरांपर्यंत जायचं, जागा दिसेल तिथे खेळायचं आणि तंबूत झोपायचं. स्वस्तातल्या जागा शोधायचं काम अमोघच्या गळ्यात पडलं. रिसॉर्टवाले तंबूपुरत्या जमिनीचंही हॉटेलएवढं भाडं सांगत. एका हेडमास्तरांनी शाळेचं पटांगण द्यायला चक्क नकार दिला. अमोघ अगदी मेटाकुटीला आला.

तेव्हा ऑफिसातला राघोत्तम म्हणाला, "आरणीच्या पलीकडे आमच्या ओळखीचे तुळजाजी आहेत. तंजावरचे मराठे. मोठी आमराई आहे त्यांची. मराठीत बोल, खूश होतील."

अमोघने फोन लावला. मराठी ऐकून म्हातारबुवांना कोण आनंद! गाव कोणतं? सातारा. शेती? आहे थोडी. नोकरी पक्की? पक्की. इथवर ठीक होतं. मग तुळजाजींनी हळूच विचारलं, "देवक कोणतें तुमचें?"

अमोघ चपापला. मराठ्यांच्या घरात देवक उगाच कुणी विचारत नाही. सोयरीक जुळवायची असली, दोन्हीकडचं देवक एक नाही ना हे बघायचं असलं, तरच हा प्रश्न निघतो. त्याच वेळी सांगायचं होतं ना बाबा, की मला नुसती तंबूला जागा हवी! पण जागा हातची जाईल ह्या भीतीने हा म्हणाला, "कळंब."

"आमचें पंचपल्लव! सेरी, सेरी, ठीक आहे. लग्न व्हायचें आहे ना?"

"हो. घरी बघतायत," अमोघ म्हणाला. ह्यात खोटं तरी काय होतं? तुळजाजींनी लगेच पोंगलला मित्रांसकट आमराईत उतरायचं आमंत्रण दिलं. पण फोन ठेवताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. मित्रांना मात्र त्याने एवढंच सांगितलं, की जागा फुकट मिळाली. त्यातल्या क्षितिजने त्याला खांद्यावरच घेतला.

आमराईत पोचले तर घराला नुकताच चुना लावलेला, दारात भलीमोठी रांगोळी, आणि ठेवणीतला फेटा बांधून तुळजाजी फाटकात उभे. तंजावरहून त्यांची बहीणही आलेली. पानावर केसरी, म्हणजे आपला शिरा, आणि बज्जी, म्हणजे भजी! आपल्याकडे कांदेपोहे, तसं ह्या मुलखात मुलगी दाखवताना हेच देतात. क्षितिज बेटा दोन पानं चापून मोकळा झाला. अमोघ बोटाने केसरी चिवडत राहिला. पाणी घेऊन आली ती तुळजाजींची मुलगी तुळसी, गावातल्या शाळेत मास्तरीण. तिने त्याच्याकडे सरळ बघितलं आणि ह्याने मान खाली घातली.

उन्हं कलताना मित्र मोहोरलेल्या झाडांमधून चकत्या फेकत होते. अमोघ एकटाच तंबूच्या दोऱ्या ताणत बसला होता. तुळसी थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"एक विचारतें, खरें सांगा. तुम्ही मला पाहायला आलां, की जागेला?"

अमोघने हातातली दोरी खाली ठेवली.

"कुंभकोणमचे लोक जबाबासाठीं थांबले आहेत," ती म्हणाली. "मला पसंत होता तो मुलगा. पण तुमचा फोन आला आणि आप्पा म्हणाले, महाराष्ट्रातलें स्थळ आहे, त्यांना थांबूं दे."

"जागेला," अमोघ कसाबसा म्हणाला. "चुकलं माझं."

"मला नको सांगूं. आप्पांना सांग." आता ती एकेरीवर आली होती, आणि त्याला ते रास्तच वाटलं.

अमोघ गेला. ओसरीवर बसलेल्या तुळजाजींसमोर उभं राहून त्याने सगळं सांगितलं.  म्हाताऱ्यांनी फेटा काढून बाजूला ठेवला, आत जाऊन कुंभकोणमला फोन फिरवला. तमिळमध्ये आधी आर्जव, मग नुसतं "सेरी", आणि रिसीव्हर ठेवल्याचा आवाज. कुंभकोणमवाल्यांनी वाट पाहून दुसरीकडे सुपारी फोडली होती. दाराशी उभी असलेली तुळसी आत निघून गेली.

आता आपल्याला हाकलून देतील, असं अमोघला वाटलं. देवा, हाकलून तरी द्या, असंही वाटलं. तो सामान आवरायला वळला, तोच तुळजाजी बाहेर आले.

"कोठें चाललां? अंधार पडतो आहे. तिघांचीं पानें मांडलीं आहेत."

"मी कुठल्या तोंडाने जेवू, आप्पा?"

तुळजाजींनी त्याच्यासाठी ओसरीवर पाट सरकवला.

"जागा पाहिजे होती तर जागा मागायची, बाबा," ते म्हणाले. "तंबूपुरती जागा मी आजवर कोणाला नाहीं म्हटली नाहीं."