फोन करायचा नाही

आमचे हे पॅनमन. उसाचा रस उकळून दाट झाला की साखर नेमकी कधी दाणा धरते, हे नजरेनं ओळखणारा माणूस म्हणजे पॅनमन. वीस वर्षं इकडच्या कारखान्यात काढली, मग आफ्रिकेतल्या एका कारखान्यानं बोलावलं म्हणून गेले. त्या देशाचं नाव मी आता तोंडात घेत नाही. आमच्या भागातले चौघं होते तिथं, सगळे साखरेतलेच. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग तिथल्या सरकारचं आणि लष्कराचं बिनसलं, आणि रोज कुठं ना कुठं गोळीबार, जाळपोळ सुरू झाली. मी कोल्हारात अंगणवाडी चालवते. पोरांना खिचडी वाढतानाही माझा एक डोळा मोबाईलवर असायचा.

शेवटी कंपनीनं सांगितलं, निघा. विमानतळ दोन दिवसांच्या रस्त्यावर, आणि वाटेत जागोजाग चेकपोस्ट. कुठल्या पोस्टवर सरकारची माणसं आणि कुठल्यावर लष्कराची, हे जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी फोनवर मला सगळे नियम सांगितले, जणू मीच गाडीत बसणार होते. काचा खाली ठेवायच्या. हात गुडघ्यावर. कागदपत्रं शर्टाच्या खिशात, म्हणजे काढायला वाकावं लागत नाही. फोटो काढायचा नाही, आपसात कुजबुजायचं नाही. आणि फोन दिसता कामा नये. दिसला की त्यांना वाटतं, हा कुणाला तरी खबर देतोय. बरं, बंद करून किंवा आवाज घालवून ठेवावा तर तेही जमणार नव्हतं, कारण कुठला रस्ता खुला आहे ते कंपनीचा माणूस फोनवरच कळवणार होता.

"म्हनून तुमी कुनी फोन करायचा न्हाई," हे म्हणाले. "मुक्कामाला पोचलो की मीच करीन."

ऐकायला सोपं वाटतं. आमच्याकडं ते सोपं नाही. कुणावर वेळ आली की विचारपूस करावीच लागते. नाही केली तर साधा फोनसुद्धा केला नाही म्हणून पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. टीव्हीवर बातमी आली तशी घरात रीघ लागली. ह्यांचं तिथलं सिमकार्ड नवीन होतं, नंबर फक्त माझ्याकडं. चुलत सासऱ्यांना पाहिजे, मावससासूला पाहिजे, शेजाऱ्यांनासुद्धा पाहिजे. मी कुणालाच दिला नाही. लोकांनी तोंडं वाकडी केली, म्हटलं करू देत. नणंद राहात्याहून आली, रडली, सख्ख्या भावाशी बोलायची चोरी झाली का म्हणाली. मी तिला सगळ्यांसमोर फाडकन बोलले, "तुझ्या एका फोनानं त्यांचा जीव जाईल, कळतं का?" ती चहा न घेता निघून गेली. मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. उलट आपण किती खंबीर, असंच वाटलं.

पहिल्या संध्याकाळी ह्यांचा फोन आला. मुक्कामाला पोचलो, चौघंही ठीक आहोत, एवढंच बोलून ठेवला. दुसऱ्या दिवशी आपल्या संध्याकाळी पाचपर्यंत विमानतळ गाठून फोन करणार होते. पाच वाजले, सहा वाजले. टीव्हीवर विमानतळाच्या रस्त्यावरचा धूर दाखवत होते, तोच तो धूर पुन्हा पुन्हा. सासूबाई नुसत्या माझ्या तोंडाकडं बघत बसल्या होत्या. दोघींची ताटं तशीच झाकून ठेवलेली. आठ वाजता माझा धीर सुटला. मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी गेले आणि फोन लावला.

रिंग गेली. माझा जीव भांड्यात पडला. रिंग जातेय म्हणजे फोन चालू आहे, फोन चालू आहे म्हणजे माणूस आहे. नाही उचलला तरी चालेल, नुसता वाजू दे. पूर्ण वाजून बंद झाली तशी मी लगेच परत लावला, आणि तीही रिंग शेवटपर्यंत कान लावून ऐकली. आत येऊन सासूबाईंना सांगितलं, काळजी करू नका, ते सुखरूप आहेत. मग दोघी जेवायला बसलो.

दोन दिवसांनी हे घरी आले. डाव्या कानावर पट्टी, गाल काळानिळा. गाडीचं दार लागलं म्हणाले. मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. पण पट्टी निघाली तरी डावीकडून हाक मारली की हे वळेनात, तेव्हा नगरला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासून डॉक्टर म्हणाले, हा कान गेला, आता काही उपयोग नाही. कशाचा मार बसला? हे म्हणाले, कारखान्यात मशीनचा आवाज लई असतो. डॉक्टर ह्यांच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं बघितलं, आणि कागदावर गोळ्या लिहून दिल्या.

एसटी स्टँडवर मी मुद्दाम ह्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि खरं काय ते विचारलं. हे पुन्हा मशीनचंच सांगायला लागले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, इतकी वर्षं संसार केला आणि मलाच खोटं सांगता? डॉक्टरांपुढं मला खाली बघायला लावता? समोर गाडी फलाटाला लागत होती. हे गाडीकडं बघत म्हणाले,

"शेवटचं पोस्ट हुतं. हात गुडघ्यावरच हुते माझे. खिशात फोन वाजला. शिपायानं काढून बघितला, त्याच्यावर तुझा फोटो. कुनाला खबर देतो म्हनून बंदुकीच्या दस्त्यानं मारायला लागला. मी गप बसून ऱ्हायलो. वाजायचा बंद झाला तवा थांबला."

मी ह्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"मंग तू परत लावलास."