दोन गेल्या की फोन करा

आमच्या घरात निर्णय घ्यायचं खातं माझ्याकडे आहे. कोणी दिलं नाही, मीच घेतलं. वांगी कधी लावायची, मोटरपंप कुठला घ्यायचा, भाचीसाठी आलेलं स्थळ कसं आहे, यावर माझं मत तयार असतं. कोणी विचारायची वाट मी पाहत नाही. म्हणून पवनारजवळच्या आमच्या भाजीच्या वाडीतला कुत्रा तेरा वर्षांचा झाला, त्याच्या किडन्या गेल्या आणि वर्ध्याहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा बायकोनं सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

बाई म्हणाल्या, "हा आता बरा होणार नाही. त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी ठरवा. त्यातल्या दोन गेल्या, की मला फोन करा. शेवटचं इंजेक्शन घरी येऊन देईन. त्याला त्रास होणार नाही."

सोपं होतं. तीन गोष्टी मी उभ्या उभ्या सांगितल्या: वाडीतली वानरं हाकलणं, सकाळच्या एसटीवर भुंकणं, आणि माझ्या हातचा दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा.

आठवडाभरातच वानरं टमाटरात मांडी घालून जेवायला लागली. कुत्रा पोत्यावर पडून पाहायचा.

"थो आता देखरेखीवर हाय," मी म्हटलं.

"हो, तुमच्यासारखाच," बायको म्हणाली. "बसल्या जागून हुकूम सोडून राह्यला."

मग एसटी. त्याला उठवत नव्हतं, तर मी पोत्यासकट उचलून त्याला फाटकाशी नेऊन ठेवलं. एसटी आली, धूळ उडवून गेली. त्याचा कानही हलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला आठवावं म्हणून मी स्वतःच भुंकून दाखवलं. एसटीच्या खिडकीतून चार बायांनी पाहिलं. कुत्र्यानं तोंड दुसरीकडे केलं.

"गाडी बदलली वाटते," घरात येऊन मी म्हटलं. "आवाज येगळा हाय."

"गाडी थेच हाय जी. कुत्रा थो नाई राह्यला. करा आता फोन."

"पण भाकर खाते नं!"

हा माझा हुकमी एक्का. सकाळ-संध्याकाळ मी तुकडा पुढे करायचो, तो हळूच ओठांत धरायचा, शेपटी एकदा जमिनीवर आपटायचा. मी समाधानानं हात धुवायला जायचो. दोन गेल्या तर गेल्या, तिसरी एवढी ठणठणीत असताना कसला फोन, असा माझा कायदा.

त्यानंतर पाचव्या दिवशी बायकोनं कुत्र्याला बाजूला सरकवून त्याचं पोतं उन्हात टाकायला उचललं. खाली भाकरीचे तुकडे होते. सात-आठ तरी. काही वाळून कडक झालेले, काहींना मुंग्या लागलेल्या, आणि एक त्याच सकाळचा, अजून ओला.

आता ही बोलणार, म्हणून मी तयारीत राहिलो. तिनं मात्र पोतं बाजूला ठेवून तो ओला तुकडा उचलला.

"तुमचं मन राखून राह्यला होता जी थो," ती म्हणाली. "गिळवत नाई त्याले. तुम्ही लगेच पाठ काऊन फिरवत होते? एक डाव थांबून पाह्यलं असतं."

हात धुवायची एवढी घाई मला का असायची, हे मला बहुतेक पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी फोन केला. बायकोला विचारलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाला पटवायलाही गेलो नाही.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. कुत्र्याला आम्ही वांग्याच्या ओळीशेजारी, निंबाच्या सावलीत ठेवलं होतं. शेजारचे काका बांधावरून म्हणाले, "अरे, जनावराले आपल्या मौतीनं मरू द्या लागते. कायले पाप घेतं?"

एरवी मी त्यांना अर्धा तास समजावलं असतं.

"घेतो, काका," एवढंच म्हटलं.

खाली बसलो आणि त्याच्यापुढे हात धरला. रिकामा. त्यानं वास घेतला. तोंड उघडायची गरज नाही हे त्याला समजलं असावं. त्यानं हनुवटी माझ्या तळहातावर टाकली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहत थांबल्या होत्या.

"द्या," मी म्हटलं, आणि या वेळी तोंड फिरवलं नाही.