पुठ्ठ्याचे अध्यक्ष भूम तालुक्यात

पुणं सोडल्यापासून कंपनीच्या अध्यक्षांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. गैरसमज नको, अध्यक्ष पुठ्ठ्याचे होते. खऱ्या अध्यक्षांना ऐन वेळी परदेशी जावं लागलं, म्हणून त्यांचं पुरुषभर उंचीचं कटआउट गाडीत आडवं घातलं होतं. पाय पुढं ड्रायव्हरशेजारी, डोकं मागं माझ्याकडं, हात जोडलेले आणि चेहऱ्यावर हसू. खड्डा आला की ते माझ्या कानाशी येऊन हसत.

मी कंपन्यांच्या समाजकार्याच्या पुस्तिका लिहिते. कंपनीनं एखाद्या गावात काही चांगलं केलं, की मी ते आणखी चांगलं करून लिहायचं, हा माझा व्यवसाय. यावेळचं काम भूम तालुक्यातल्या एका गावात होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान प्रयोगशाळेचं उद्घाटन आणि जोडीला डोळे तपासणीचं शिबिर. सोबत ऋचा होती, कंपनीच्या समाजकार्य विभागाची व्यवस्थापक. पोरगी मनानं चांगली, कष्टाळू. फक्त तिला माणसं दिसत नसत, लाभार्थी दिसत.

टेंभुर्णीला महामार्ग सोडला आणि परांड्याला चहासाठी थांबलो. हॉटेलवाल्यानं कपबशी देता देता गाडीत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कधी वारले?"

"अहो, जिवंत आहेत ते!" ऋचा म्हणाली.

"मग उभे हायत व्हय? कुठली पार्टी?"

"कुठलीच नाही. कंपनीचे अध्यक्ष आहेत. शाळेला प्रयोगशाळा देतायत."

हॉटेलवाल्यानं क्षणभर विचार केला. "मंजी पुढच्या विलेक्शनला," असं म्हणून त्यानं समाधानानं कप विसळायला घेतले. त्याचं तरी काय चुकलं? आपल्याकडं एवढा मोठा फोटो लावायला माणसाला निवडणूक लढवावी लागते नाहीतर मरावं लागतं. नुसती शाळा देऊन भागत नाही.

परांड्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती. कणसं भरली होती आणि राखण करणाऱ्या बायका डबे वाजवून पाखरं उडवत होत्या. मध्येच बोडका माळ, एखादी बाभळ, आणि लांब डोंगराची बुटकी रांग. कोरडाच मुलूख, पण थंडीतल्या सकाळच्या उन्हात फार देखणा दिसत होता. मी खिडकीची काच खाली केली आणि कितीतरी महिन्यांनी पोटभर श्वास घेतला.

गावात पोचलो तर शाळेच्या दारात रांगोळी, फुगे आणि मुख्याध्यापक माने सर. नव्या प्रयोगशाळेच्या दारावर कंपनीचा चकचकीत फलक होता. त्याच्या मागून एका जुन्या फलकाची कड दिसत होती आणि तिच्या मागून आणखी एकाची.

"सर, प्रयोगशाळा नवीन आहे ना?" मी विचारलं.

"फलक नवा आहे मॅडम," माने सर अदबीनं म्हणाले. "खोली तीच. दरसाली कुणीतरी देतं. आम्ही नाही कशाला म्हणायचं?"

आत सूक्ष्मदर्शकं प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ठेवली होती. मुलं हाताळतात तेव्हा ती खराब होतात, आणि खराब झालेली दिसली तर पुढची कंपनी येत नाही, असं सरांनी मला समजावलं. कोपऱ्यात मानवी सांगाडा उभा होता. त्याला मात्र पिशवी नव्हती. पोरांनी त्याला मफलर गुंडाळला होता.

डोळ्यांचे डॉक्टर धाराशिवहून यायचे होते. तोवर मी गावात चक्कर मारायला निघाले. दोन-तीन माळवदं (मातीच्या सपाट छपराची जुनी घरं) ओलांडली आणि दुधाचा गोडसर, धुरकट वास आला. भूमकडचा खवा प्रसिद्ध आहे, हे ऐकून होते. वासाच्या मागं गेले तर खव्याची भट्टीच लागली. मोठ्या कढईत म्हशीचं दूध रटरटत होतं आणि एक तरुण बाई लांब दांड्याच्या उलथण्यानं ते सारखं हलवत होती. जरा लांब, भिंतीला टेकून दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीचं तोंड कढईकडं होतं आणि नाकपुड्या हलत होत्या.

"सुमन, जाळ कमी कर. तळाला लागतंय."

सुमननं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, लाकूड मागं ओढलं.

या गौराबाई. दुसरी त्यांची शेजारीण शेवंताबाई. गौराबाईंनी मला बसायला पोतं टाकायला लावलं आणि पळसाच्या पानावर गरम खवा दिला. असा खवा मी जन्मात खाल्ला नव्हता. तसं मी सांगितलं, तर त्या खूश झाल्या नाहीत.

"सुनंचा हाय. माझा न्हाय. मला उठवलंय भट्टीवरनं."

"का हो?"

"डोळे गेले. मोतीबिंदू. खवा उतरायचा रंग बगून. वासानं कळतं, पन वास याला लागला मंजी उशीर झाला. दोन कढया करपल्या माझ्या हातनं." त्यांनी तोंड पुन्हा कढईकडं वळवलं. "सून काय बोलली न्हाय. म्याच उठले."

"धाराशिवला सरकारी दवाखान्यात होतं की ऑपरेशन."

"व्हतं की. पन न्यायला मानूस लागतं, संगं ऱ्हायाला मानूस लागतं. ल्योक ट्रकवर. सून माझ्यासंगं आली तर दूध कुनी आटवायचं?"

शेवंताबाई मध्येच बोलल्या, "माझंबी तसंच हाय बगा. आमी दोघी एकमेकीला धरून हिंडताव. दोघीलाबी दिसत न्हाय."

दोघी खळखळून हसल्या. मला हसायला जमलं नाही.

"ह्यो कंपनीवाल्यांचा तिसरा फेरा," गौराबाई म्हणाल्या. "पयली आली ती दातांची व्हती. म्या म्हणलं डोळे, ते म्हणले बगू. दुसरी हात धुवायला शिकवून गेली. तीबी म्हणली बगू. औंदा डोळ्यांचीच आली म्हणत्यात. बगू आता."

शाळेत परतून मी ऋचाला गौराबाईंबद्दल सांगितलं. तिनं फोनमध्ये पाहिलं आणि हळहळत म्हणाली, "ताई, तपासणी फक्त विद्यार्थ्यांची आहे. विज्ञान शिकायला दृष्टी हवी, अशी संकल्पना आहे. ज्येष्ठ नागरिक पुढच्या वर्षीच्या आराखड्यात आहेत."

एवढ्यात डॉक्टर आले आणि कार्यक्रम सुरू झाला. ज्यांनी मराठवाड्यातला सत्कार पाहिलेला नाही, त्यांना तो सांगून समजणार नाही. इथं सत्कारातून कुणाला वगळणं म्हणजे वैर पत्करणं. आमचा झाला, डॉक्टरांचा झाला, त्यांच्या सहायकाचा झाला, आमच्या ड्रायव्हरचा झाला. ज्यांनी मंडप घातला त्यांचा झाला आणि ज्यांनी नारळ आणले त्यांचा त्यातल्याच एका नारळानं झाला. डॉक्टर घड्याळाकडं पाहत होते, तपासायची मुलं मंडपात पेंगत होती आणि शिबिर शालींच्या ढिगाखाली सापडलं होतं.

मग सातवीच्या दोन मुलींनी डोळ्याची प्रतिकृती दाखवली. दोघी एका सुरात घडाघडा बोलल्या, "डोळ्यातील भिंग धूसर होते, त्यास मोतीबिंदू म्हणतात. हा आजार छोट्याशा शस्त्रक्रियेने बरा होतो." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत गौराबाई आणि शेवंताबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

शेवटी औक्षण. या गावात पाहुण्यांना ओवाळायचा मान गौराबाईंचा. भट्टी सुटली तरी मान सुटला नव्हता, आणि डोळे गेले म्हणून तो काढून घ्यावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. व्यासपीठावर डॉक्टर, ऋचा आणि मी खुर्च्यांत बसलो होतो आणि मधोमध अध्यक्ष उभे होते. गौराबाई ताट घेऊन वर आल्या. त्यांना जे सगळ्यांत उंच दिसलं तेच मुख्य पाहुणे, असं धरून त्या थेट अध्यक्षांपुढं गेल्या. कुंकू कपाळाऐवजी टायला लागलं. अक्षता नीट डोक्यावर पडल्या. मग त्या ओवाळू लागल्या, आणि निरांजनाची ज्योत अध्यक्षांच्या बाहीला लागली. जळका वास सगळ्यांच्या आधी गौराबाईंनाच आला. त्या झटकन मागं सरल्या आणि माने सरांनी फू फू करून अध्यक्षांना विझवलं.

मंडप हसून लोळायचा बाकी होता. गौराबाईंना वाटलं, पाहुण्याला चटका बसला.

"चुकलं मालक, दिसत न्हाय मला," त्या ताट खाली ठेवून हात जोडत म्हणाल्या. सरांच्या हातातला माइक चालू होता. "पोरांचे डोळे बगायला आलाव, लई चांगलं केलं. पन आमचेबी बगा. त्या पोरी म्हणल्या की लई सोपं हाय. मला निस्तं धाराशिवला न्या. मला भट्टीवर बसायचंय."

आणि त्या तशाच हात जोडून उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. हसणं आपोआप थांबलं. अध्यक्ष हसतच होते, कारण ते तसेच छापले होते.

डॉक्टर उठले. बॅटरी काढून त्यांनी गौराबाईंचे दोन्ही डोळे पाहिले. "पुरता पिकलाय. उद्या सकाळी एक डोळा करून टाकतो. आमच्या दवाखान्यात काही खर्च नाही, पण आणायला आणि सोबत राहायला माणूस हवं. माझी गाडी यंत्रांनी भरलीय."

ऋचा माझ्याकडं वळून कुजबुजली, "ज्येष्ठ नागरिक आपल्या प्रकल्पात बसत नाहीत हो!" माइकनं ते गावभर पोचवलं. बिचारीचा चेहरा पडला. मला तिची दया आली आणि रागही आला. खरं सांगायचं तर राग जास्त आला.

तेव्हा सरपंच मंगलताई उठल्या. आतापर्यंत त्या पहिल्या रांगेच्या टोकाला बसून सगळं पाहत होत्या. त्यांनी सरांकडून माइक घेतला, ढिगातली एक शाल उचलली आणि अध्यक्षांच्या खांद्यावर घातली.

"अध्यक्षसाहेबांनी आपल्या गौराकाकूला कंपनीच्या गाडीतून धाराशिवला न्यायचं आणि घरी आणून सोडायचं कबूल केलंय," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "साहेब न्हाय म्हणलेले न्हाईत, ते समद्यांनी बघितलंय. सोबत म्या ऱ्हाते. गावाच्या वतीनं साहेबांचा सत्कार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कंपनीनं भूमहून बोलावलेला फोटोग्राफर फोटो काढत होता. आता शाल काढून घेणार कोण? इथं एकदा भरसभेत सत्कार घेतला की माणूस त्या कामाला बांधला जातो, मग तो पुठ्ठ्याचा का असेना. ऋचानं माझ्याकडं पाहिलं, अध्यक्षांकडं पाहिलं आणि हळूच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मुलांची तपासणी झाली. मग जेवायला भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी) होती. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत जेवलो.

निघताना जागेचा प्रश्न आला. पुढं ऋचा, मागं मी, गौराबाई आणि मंगलताई. डिकीत सत्काराचे नारळ. अध्यक्षांना जागाच उरली नाही, म्हणून त्यांना शालीसकट प्रयोगशाळेत सांगाड्याशेजारी ठेवलं. शेवंताबाई गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या. "मला बी बसवा की कुठंतरी," त्या म्हणाल्या. ऋचा म्हणाली, "आजी, पुढच्या खेपेला नक्की." शेवंताबाईंनी मान हलवली आणि दार सोडलं. मला फार वाईट वाटलं. हे सगळं लचांड शेवटी गाडीतल्या एका जागेचं होतं, आणि पुण्याहून येताना ती जागा आम्ही पुठ्ठ्याला दिली होती.

धाराशिव येईपर्यंत गौराबाई झोपल्या. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि लुगड्याला खव्याचा वास येत होता. खड्डा आला तरी मी हलले नाही.

पुण्यात येऊन पुस्तिका लिहिली. कंपनीनं निवडलेल्या फोटोत शाल पांघरलेले अध्यक्ष आणि त्यांच्यासमोर हात जोडलेल्या गौराबाई आहेत. करपलेली बाही संगणकावर दुरुस्त केलीय. खाली ओळ आहे: 'लाभार्थींशी संवाद साधताना अध्यक्ष महोदय.' ओळ माझी नाही. पण ती खोटी आहे, असंही मला छातीठोकपणे म्हणता येईना.

मग एके दिवशी माने सरांचा फोन आला. गौराबाईंचा डोळा उत्तम झाला होता. त्या भट्टीवर बसू लागल्या होत्या आणि माझ्यासाठी एसटीनं खवा पाठवला होता. पट्टी सुटल्यावर त्या शेवंताबाईंना हाताला धरून आधी प्रयोगशाळेत आल्या म्हणे, साहेबांना बघायला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आधी हात लावून बघितलं. मग म्हणाल्या, अगं बया, पुठ्ठ्याचा हाय की! आम्ही सगळे हसलो, तर त्या चिडल्या. म्हणाल्या, हसू नगा. हाडामासाचे आले ते बगू म्हणून गेले. ह्यो शब्दाला जागला."

"आणि कटआउट? कंपनी परत मागत असेल."

"मागितलंय. पण गौराबाई देऊ देईनात," सर म्हणाले. "म्हणतात, ऱ्हाऊ द्या त्याला हितंच. शेवंताचं व्हायचंय अजून."