सातव्या जागेवर एकशे अठ्ठ्याऐंशी

माझ्या आत्याला स्वतःचा फोन नंबर पाठ नाही. लग्नाचा वाढदिवस तिला आतोबा सांगतात, आणि तोही ती दोनदा विचारून खात्री करून घेते. पण जंगलातल्या दोनशे सात हरणांचे प्रत्येकी चोवीस आकडे तिला तोंडपाठ आहेत, आणि त्यातलं एकही हरीण तिनं अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

आत्या एका प्रयोगशाळेत बावीस वर्षं सहायक आहे. वनरक्षक हरणांच्या ताज्या लेंड्या गोळा करतात आणि स्पिरिट भरलेल्या छोट्या नळ्यांतून तिच्याकडे पाठवतात. लेंडीवरच्या चकचकीत थराला हरणाच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात, त्यातून आत्या डीएनए काढते. मग यंत्र त्या डीएनएवरच्या ठरलेल्या बारा जागा तपासतं आणि दर जागेचे दोन आकडे छापून देतं. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. बारा दुणे चोवीस. चोवीसच्या चोवीस जुळले की हरीण तेच. प्रत्येक जोडीतला एकेक जुळला की बाप नाहीतर आई, नाहीतर लेकरू.

हे काम आत्याच्या हाती पडलं नसतं तर तिनं ते शोधून काढलं असतं. कोण कोणाचं, हा तिचा जन्मजात विषय. दवाखान्याच्या रांगेत शेजारी बसलेल्या बाईला ती तीन प्रश्नांत आपल्या चुलतसासऱ्याच्या साडूच्या नात्यात आणून बसवते. हरणांचंही तसंच. मी आत्याकडे गेले की रात्रीच्या जेवणाला अमक्या मादीचं दुसरं पाडस कोणावर गेलंय याची चर्चा व्हायची, आणि आतोबा आमटी वाढता वाढता विचारायचे, की त्या ओढ्याकाठच्या मावशीचा पुढं काही पत्ता लागला का. मला सुरुवातीला वाटायचं यांच्या ऑफिसातल्या कोणाची तरी भानगड आहे.

या सगळ्या गोतावळ्यात आत्याचा लाडका एकच. सातव्या जागेवर एकशे अठ्ठ्याऐंशी हा आकडा दोनशे सातांपैकी एकट्या त्याच्याकडे होता. चार वर्षांत आठ वेळा त्याच्या लेंड्या मिळाल्या, आठही वेळा जंगलातच. आत्या त्याला 'आपला एकशे अठ्ठ्याऐंशी' म्हणायची आणि म्हणताना तिचा चेहरा असा फुलायचा की आतोबांनी हेवा करावा.

तर या जंगलाच्या कडेनं हायवे जातो, आणि हायवेपलीकडे एक राई आहे. तिथंही तीसेक हरणं आहेत. रस्त्याला दोन्हीकडून उंच जाळी आहे, खालून पाणी जायला एक जुनी मोरी तेवढी आहे. रस्ता रुंद करायचं ठरलं आणि रस्तेवाल्यांनी आत्याच्या प्रयोगशाळेला पत्र पाठवून विचारलं, मोरी बुजवली तर हरणांचं काही बिघडेल का? म्हणजे हरणं तिथून येतात-जातात का? मोरी बंद झाली तर राईतली हरणं कायमची कोंडणार होती, आपसातच वाढणार आणि पिढी-दोन पिढ्यांत खंगणार होती. कॅमेरे लावून पाहिले होते. दोनदा लावले, दोनदा चोरीला गेले. सगळी भिस्त लेंड्यांवर आली, आणि उत्तर द्यायला महिनाभराची मुदत होती.

पहिल्याच आठवड्यात राईतून आलेल्या एका बारीक लेंड्यांच्या, म्हणजे पाडसाच्या, नळीत सातव्या जागेवर एकशे अठ्ठ्याऐंशी निघाला. बाकीच्या अकरा जागांवरही एकेक आकडा त्याचाच. आत्या कागद घेऊन पळत प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, सरांकडे गेली. बाप जंगलात आणि पोर राईत, म्हणजे मोरी चालू आहे.

सरांनी कागद बघितला आणि शांतपणे म्हणाले, की नळी बदलली असेल. पाडस जंगलातलंच असणार, लेबल चुकून राईचं लागलं असेल. एका नळीच्या जोरावर ते उत्तरावर सही करणार नाहीत.

आत्याला हे फार लागलं. बावीस वर्षांत तिच्या हातून एक नळी इकडची तिकडे झालेली नव्हती. घरी आली ती थेट स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि रडली. मग तोंड धुतलं आणि मला फोन केला, आतोबांना नंबर विचारून. म्हणाली, रविवारी गाडी काढ.

रविवारी आम्ही दोघी आणि एक वनरक्षक राईत शिरलो. आत्यानं घरूनच ठरवून आणलं होतं की ती नळ्यांना हात लावणार नाही. लेंड्या वनरक्षकानं उचलायच्या, लेबलं मी लिहायची, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा नको. प्रत्यक्षात वनरक्षक बिचारा चिमटा घेऊन उभाच, आणि आत्या जमिनीला नाक लावून पुढं. ही कालची. ही वाळली, सोडा. ही बघा, ही बघा, काय चकाकतेय! सोन्याच्या दुकानात मी तिला इतकी हरखलेली पाहिलेली नाही. मला हसू आवरेना, अक्षर वाकडं यायला लागलं, तशी ती मला ओरडली, मग स्वतःच खिदळायला लागली. वनरक्षकानं आम्हाला दोनदा गप्प बसायची विनंती केली.

तेवढ्यात वीस पावलांवर झाडाआडून एक हरीण बाहेर आलं. चांगली भरदार मादी. मी आत्याचा दंड धरून हलवला. ती वर न बघताच म्हणाली, "थांब, ही अजून ऊन आहे." तिनं मान वर केली तेव्हा पळणारी शेपटी तेवढी दिसली. मला वाईट वाटलं, पण तिला नाही. "येईल आठवड्याभरात," ती म्हणाली, "नळीतून."

आणि खरंच आली. राईत तीन वेगवेगळ्या ठिकाणी उचललेल्या, माझ्या वाकड्या अक्षरातल्या तीन नळ्यांत तीच एक मादी निघाली.

पण त्याच दिवशी जंगलातूनही नवा माल आला होता, आणि त्यात ते पाडस निघालं. चोवीसच्या चोवीस आकडे तेच. जंगलात. सर म्हणाले, बघा, मी म्हणत होतो ना, ते इकडचंच आहे. आत्याचा चेहरा उतरला. तिनं मला सांगितलं की तेव्हा पहिल्यांदा तिला स्वतःचाच संशय आला, नळी खरंच बदलली की काय आपण.

ती जागेवर जाऊन बसली. समोर राईतल्या मादीचा कागद पडला होता. पाडसाच्या आकड्यांतून बापाचे बारा वजा केले की उरतात आईचे बारा. आत्या एकेक जागा बोटानं धरून खाली उतरत गेली. पहिली जुळली. दुसरी जुळली. बाराव्या जागेवर पोचल्यावर तिनं असा आवाज काढला म्हणे, की शेजारच्या खोलीतला शिपाई धावत आला.

दोन्ही कागद घेऊन ती पुन्हा सरांपुढं उभी राहिली. सरांनी पुन्हा नळीचंच काढलं.

"बदलली असेल, सर," आत्या म्हणाली. "मीच नळी बदलली असेल. पण आई राईतली आणि बाप जंगलातला. आई-बाप तर मी नाही ना बदलले?"

सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बाराही जागा स्वतः ताडून पाहिल्या. मग पेन काढलं, मोरी बुजवू नये असं लिहून सही केली, आणि पत्र आत्याच्या हातात देत म्हणाले की नळी बदललेली नव्हती, पोरगं आपल्या पायानं इकडं आलंय, बापाकडे. आत्या पत्र घेऊन बाहेर आली आणि तिनं शिपायाचे दोन्ही हात धरून व्हरांड्यात एक गिरकी घेतली.