आवाज नसलेला लिलाव

‘परत एकदा करून दाखवा’ हे वाक्य बाईंच्या युनिटमध्ये चालत नसे. टीव्हीच्या धंद्यात ते रोज बोललं जातं. माणूस दार उघडून आत येतो, कॅमेरा चुकतो, माणसाला पुन्हा बाहेर पाठवतात. बाई पाठवत नसत. ‘तो एकदाच घरी आला ना? मग झालं,’ म्हणत.

बाई घोडपदेवच्या. वडील गिरणीत होते. गिरणीला टाळं लागलं तेव्हा कुणा कॅमेरावाल्याने त्यांना तीनदा गेटातून बाहेर यायला लावलं होतं. हे सांगताना बाई चिडत नसत. ‘तिसऱ्या वेळी बाबा छान चालले,’ एवढंच म्हणत.

चाळीतल्या शेजारणींना त्यांच्या कामाचा उलगडा होत नसे. ‘निर्माती म्हणजे पैसे लावते ती ना गं?’ असं एकीने विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘पैसे चॅनलचे. चुकलं की जिला फोन येतो, ती मी.’

बरीच वर्षं दुसऱ्यांचे पाककृतींचे कार्यक्रम सांभाळल्यावर त्यांना स्वतःची मालिका मिळाली. मुंबईतल्या कष्टकऱ्यांवर, दर आठवड्याला अर्धा तास. मी तिचं निवेदन लिहीत असे. एका भागासाठी आम्ही कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेलो. होड्या लागल्या, टोपल्या उतरल्या आणि एका कोळीण मावशींनी लिलाव सुरू केला. असा लिलाव आम्ही कुणी पाहिला नव्हता. शिव्या, हशा, रुसवे, सगळं त्यात होतं. माल उठल्यावर आमच्या ध्वनिमुद्रक सावंतांनी कानावरचे हेडफोन उतरवले. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहिलं होतं; कॅमेऱ्यात चित्र होतं, आवाज नव्हता. लिलाव ऐकण्यात ते रमून गेले होते.

‘मंग काय झालं?’ मावशी म्हणाल्या. ‘मी परत वरडते की. घसा काय भाड्याचा हाय?’

‘तुम्ही ओरडाल, मावशी. घेणारे कुठून आणू?’ बाईंनी विचारलं.

‘ह्ये तुमचे चौघं हायेत की उभे.’

‘त्यांना बोंबील आणि बांगडा कळत नाही,’ बाई म्हणाल्या, आणि सामान आवरायला सांगितलं.

पुढचे काही दिवस वारा असा होता की होड्या निघाल्याच नाहीत, त्यामुळे नवा लिलावही टिपता आला नाही. भाग दाखवायचा दिवस जवळ आला. चॅनलच्या कार्यक्रमप्रमुखांनी तोडगा सुचवला. दुसऱ्या बाजारातला गलका लावा, कुणाला कळणार आहे?

‘मावशींना कळेल.’

‘एका बाईसाठी?’

‘भाग तिच्यावरच आहे, सर.’

बाईंनी लिलाव मुका ठेवला आणि खाली पाटी घातली : ‘या दृश्याचा आवाज आमच्या चुकीमुळे नोंदला गेला नाही.’ प्रमुखांनी स्पष्ट सांगितलं, चॅनलची चूक पडद्यावर जाणार नाही. पाटी काढा, आवाज लावा, नाहीतर हा भाग शेवटचा. सावंत एडिट रूमच्या दारात उभे होते. ‘बाई, चूक माझी आहे. माझं नाव घाला आणि विषय मिटवा.’

‘तुझं नाव ध्वनिमुद्रणाखाली येतं, तेवढं पुरे. चूक माझ्या खात्यात.’

भाग पाटीसकट गेला. आम्ही तो बाईंच्या घोडपदेवच्या खोलीत पाहिला. लिलाव सुरू झाला तशी शेजारीण रिमोट शोधायला उठली.

‘बस गं, टीव्ही ठीक आहे. खाली वाच.’

तिने वाचलं. ‘चॅनलवाले पण चुकतात?’

‘चुकतात. सांगत नाहीत.’

मालिका बंद झाली. बाईंनी ओळखपत्र जमा केलं, टेबल रिकामं केलं आणि कुणाबद्दलही वाईट बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्या पुन्हा पाककृतींकडे वळतील. पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. वारा पडला होता, होड्या समुद्रातून परतत होत्या. सावंतांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता.

‘पण बाई, दाखवणार कुठे?’

‘ते नंतर बघू. मावशी काय रोज सारखं ओरडतात? तू निघ.’

मी पोहोचलो तेव्हा पहिली टोपली उतरत होती. बाई सावंतांच्या शेजारी चिखलात उभ्या होत्या आणि त्यांनी मला हाताने गप्प राहायची खूण केली.